पाणी काचेसारखं दिसतंय ना, मग एसटीपी तपासायचा कशाला?

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एसटीपीबद्दल, म्हणजे सोसायटीचं मैलापाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटबद्दल, एक मेसेज आला. वर ‘जास्तीत जास्त सोसायट्यांपर्यंत पोहोचवा’, खाली हात जोडलेले. एव्हाना पुण्यातल्या पाच-सहा ग्रुपांवरून तो माझ्याकडे येऊन थडकलाय. मजकूर थोडक्यात असा (ब्लोअर म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र):

‘एसटीपीची तपासणी, ऑडिट हा सगळा पैसे काढायचा धंदा आहे. पाणी स्वच्छ दिसतंय, वास येत नाही, म्हणजे प्लांट उत्तम चालू आहे. लॅबचा रिपोर्ट पास असला की विषय संपला. ब्लोअर रात्री बंद ठेवा, काही बिघडत नाही, हजारो रुपये वाचतात. तपासणीला येणारे चहा पिऊन, वही चाळून जातात. महापालिकेचेच प्लांट धड चालत नाहीत, मग नियम आम्हालाच का? एवढी शंका असेल तर कमिटीने स्वतः टाकीत उतरून बघावं.’

मी आधी आठ वर्षं एसटीपी चालवले, आता दुसऱ्यांचे तपासतो. म्हणजे मेसेजवाल्याच्या भाषेत हा ‘धंदा’ माझाच. तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

‘पाणी स्वच्छ दिसतंय, वास नाही’

शेवटचं पाणी सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टरमधून येतं. गढूळपणा पहिला अडवतो, रंग आणि वास दुसरा. कार्बन नुकताच बदललेला असेल तर मागचा प्लांट जवळजवळ बंद असला तरी काही आठवडे पाणी छान दिसतं. विरघळलेली घाण डोळ्यांना दिसत नाही आणि मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू तर नाहीच नाही. तेच पाणी फ्लशच्या टाकीत दोन दिवस साठू द्या. गावाहून परत आल्यावर बाथरूमचं दार उघडताच जो भपकारा येतो, तो बऱ्याचदा तिथला असतो.

बघायचंच असेल तर आउटलेटचा नळ बघत बसू नका, ॲरेशन टँकपाशी उभे राहा, म्हणजे हवेवर जगणारे जिवाणू जिथे घाण खातात त्या टाकीपाशी. चांगल्या टाकीतलं पाणी चॉकलेटी असतं आणि वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा येतो. काळं पाणी आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा पुरत नाही. पांढऱ्या फेसाचे डोंगर असतील तर जिवाणू अजून कोवळे आहेत किंवा डिटर्जंट फार येतोय. बुडबुडे सगळीकडे बारीक हवेत. एकाच कोपऱ्यात उकळी फुटल्यासारखं पाणी वर येत असेल तर खाली डिफ्यूझरची, म्हणजे हवा बारीक करून सोडणाऱ्या भागाची, रबरी पिशवी फाटलीय, ब्लोअरची हवा तिथूनच पळतेय आणि बाकीची टाकी उपाशी आहे.

मग एक लिटरचं मेजरिंग सिलिंडर घ्यायचं. ॲरेशन टँकमधलं पाणी त्यात भरून अर्धा तास हलवायचं नाही. सुरुवातीला सगळं एकजीव दिसतं, मग हळूहळू चॉकलेटी थर खाली बसत जातो आणि वर नितळ पाणी सुटतं. साध्या ॲक्टिव्हेटेड स्लजच्या प्लांटमध्ये (जिथे जिवाणू पाण्यातच तरंगत असतात) अर्ध्या तासाने थर अडीचशे-तीनशे मिलिलिटरवर आला, तर माझा निम्मा जीव भांड्यात पडतो. पाचच मिनिटांत पन्नास मिलिलिटर गाळ तळाला आणि वर दुधाळ पाणी, म्हणजे काम करणारे जिवाणूच नाहीत. अर्ध्या तासानेही थर आठशेवर अडून बसला, तर तो गाळ सकाळच्या पहिल्या लोंढ्याबरोबर सेटलरवरून (गाळ खाली बसवायची टाकी) पुढे जाणार. एमबीबीआर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या प्लांटमध्ये जिवाणू प्लॅस्टिकच्या चकत्यांवर चिकटलेले असतात, त्यामुळे तिथे हे आकडे लावू नका. मूठभर चकत्या काढून त्यांच्या आत तपकिरी बुळबुळीत थर आहे का ते बघा. सगळं मिळून चाळीस मिनिटांचं काम. लॅब लागत नाही, ऑडिटरही लागत नाही.

‘रिपोर्ट पास आहे’

मागच्या वर्षी एका सोसायटीत सेक्रेटरींनी अभिमानाने फाइल पुढे केली. बारा महिन्यांचे बारा रिपोर्ट, सगळे पास. मी एकावरच्या तारखा बघितल्या. सँपल सोमवारी घेतलेलं, रिपोर्ट मंगळवारी सही होऊन आलेला, बीओडी (पाण्यातली घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला ८ मिलिग्रॅम. आता बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. बाटलीतल्या जिवाणूंनी त्या तीन दिवसांत किती ऑक्सिजन खाल्ला, हेच तर मोजायचं असतं. मंगळवारी उत्तर हातात आलं म्हणजे जिवाणूंना ओव्हरटाइम दिला होता की काय?

तारखा जुळल्या तरी पुढचे प्रश्न राहतात. सँपल कोणी घेतलं? ऑपरेटरने पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दुचाकीच्या डिकीतून पाठवलं असेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. सँपल बर्फात ठेवून चोवीस तासांत चाचणीला लागावं लागतं. सँपलच्या आधी टाकीत हायपो (क्लोरीनचं द्रावण) ओतलं होतं का? पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल आणि लॅबने तो आधी मारला नाही, वर नवे जिवाणू सोडले नाहीत, तर चाचणीत खाणारेच मेलेले असतात. बीओडी कमी येणारच. कोलिफॉर्मच्या चाचणीच्या बाटलीत क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट आधीपासून घालून ठेवतात ते याचसाठी.

आणि ‘पास’ कशाच्या तुलनेत? सांडपाणी नदी-नाल्यात सोडण्याची जुनी सर्वसाधारण मर्यादा बीओडी ३० होती. केंद्राच्या ऑक्टोबर २०१७च्या अधिसूचनेत महानगरांसाठी एसटीपीची मर्यादा २० ठरली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये १० सांगितली. तुमच्या प्लांटला कोणती लागू, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कन्सेंटवर, म्हणजे परवानगीपत्रावर, लिहिलेलं असतं. त्याच फाइलमधल्या एका रिपोर्टवर बीओडी १८ होता. लॅबने आपल्या छापील तक्त्यात मर्यादा ३० लिहिलेली, म्हणून पास. सोसायटीच्या कन्सेंटवर १०. तो कागद कपाटात होता, बिल्डरकडून ताबा घेतल्यापासून कोणी उघडला नव्हता.

कायद्यानेही सँपलचा प्रकार हलक्यात घेतलेला नाही. १९७४च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २१प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने तिथल्या तिथे नोटीस द्यायची, जागेवाल्यासमोर सँपलचे दोन भाग करायचे, सील लावून दोघांनी सह्या करायच्या. ही पद्धत पाळली नाही तर तो रिपोर्ट कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. सोसायट्या मात्र स्वतःसाठी घेतलेल्या सँपलला यातली निम्मीही काळजी घेत नाहीत.

‘ब्लोअर रात्री बंद ठेवा’

यात तथ्याचा एक कण आहे. रात्री मैलापाणी कमी येतं आणि टायमर लावून ब्लोअर थोडा वेळ थांबवणं गैर नाही. एसबीआर प्लांटचं (एकाच टाकीत आळीपाळीने हवा आणि विश्रांती) तर चक्रच तसं असतं. अट एवढीच की टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन मोजून हे करायचं, आणि हवा चालू असताना तो लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास यायला हवा.

मेसेजवाला सांगतोय ते वेगळंच: अकराला बटण बंद, सकाळी सातला चालू. या आठ तासांत ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू गुदमरतात, गाळ तळाला बसून डिफ्यूझरवर थापला जातो, टाकी आतून सडायला लागते. इक्वलायझेशन टँकची (येणारं मैलापाणी आधी साठवायची टाकी) हवाही त्याच ब्लोअरवर असेल तर तिथलं मैलापाणीही कुजतं. आणि सात वाजता काय होतं? आंघोळी, संडास, वॉशिंग मशीन, सगळं एकदम. जिवाणू सगळ्यात दुबळे असताना सगळ्यात मोठा घास पुढे येतो. विजेचे वाचलेले पैसे वर्षा-दोन वर्षांत डिफ्यूझर बदलण्यात जातात. टाकी रिकामी करायचा खर्च मी अजून धरलेला नाही.

‘तपासणीवाले चहा पिऊन जातात’

हे खरं आहे. सगळे नाहीत, पण बरेच. इथे मी मेसेजवाल्याच्या बाजूने आहे, फक्त त्यावरून तपासणीच नको, असं कसं म्हणायचं? वाईट डॉक्टर भेटला म्हणून कोणी ताप मोजायचा सोडत नाही.

वही चाळणाऱ्याला वही फसवते. एकदा मी २६ तारखेला एका प्लांटवर गेलो, तर वहीत २८ तारखेपर्यंतच्या नोंदी तयार होत्या. पीएच रोज ७.२, ब्लोअर रोज २२ तास, एकच पेन, एकच अक्षर. ऑपरेटर ओशाळला. म्हणाला, ‘सर, सुट्टीवर जायचं होतं.’ मला त्याचा राग नाही आला. बारा तासांची ड्यूटी, तळघर, आणि वही कोणी वाचत नाही हे त्याला माझ्याआधी कळलेलं.

म्हणून एकाच कागदावर विसंबायचं नाही, एकाची साक्ष दुसऱ्याकडून काढायची. त्या प्लांटवर साडेसात एचपीचा ब्लोअर होता, म्हणजे सुमारे साडेपाच किलोवॅट. तो खरोखर २२ तास चालला तर दिवसाला शंभरच्या आसपास युनिट तरी जळायला हवेत. सबमीटरवर अख्ख्या प्लांटची सरासरी निघाली ४६. वही काही म्हणो, मीटरने सांगून टाकलं.

दुसरी साक्ष गाळाची. तीनशे फ्लॅट, घरी चार माणसं, माणशी १३५ लिटर, त्यातलं ऐंशी टक्के मैलापाणी धरलं तर रोजचं १३० घनमीटरच्या घरात जातं. लिटरला अडीचशे मिलिग्रॅम बीओडी म्हणजे दिवसाला ३२ किलोची घाण. जिवाणूंनी ती खाल्ली तर त्यांचं वजन वाढणारच. सुका गाळ रोज दहा-पंधरा किलो तयार होतो. गाळ पिळणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघताना त्यात बरंच पाणी असतं, म्हणजे महिन्याला दीड-दोन टन ओला गाळ. मी विचारलं, गाळ कोण नेतं? सेक्रेटरींनी ऑपरेटरकडे बघितलं, ऑपरेटरने प्रेसकडे. प्रेसच्या कापडावर कोळ्याचं जाळं होतं. गाळ बाहेर जात नाही, याचे अर्थ दोनच: एक तर तो तयारच होत नाही, नाहीतर पाण्याबरोबर नाल्यात जातोय.

तिसरी साक्ष बायपासच्या व्हॉल्वची. कलेक्शन टँकपासून थेट ड्रेनेजला जाणारी लाइन शोधा आणि व्हॉल्वचं चाक बघा. कधीच न वापरलेल्या व्हॉल्ववर धूळ आणि गंज असतो. इथलं चाक हाताने पुसून गुळगुळीत झालेलं होतं.

‘महापालिकेचेच प्लांट चालत नाहीत’

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्च २०२१च्या अहवालात देशातल्या शहरांचं मैलापाणी दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर दिलंय. त्यावेळी उभारलेली क्षमता ३१,८४१ होती, प्रत्यक्ष वापरात २०,२३५, आणि नियमात बसणारी क्षमता १२,१९७. तेव्हा तक्रार रास्त आहे, महापालिकेला जरूर धारेवर धरा. पण हे आकडे कळले कसे? कोणीतरी प्लांटवर जाऊन तपासणी केली म्हणून. ज्या तपासणीला मेसेजवाला धंदा म्हणतो, तिच्याच जोरावर तो महापालिकेला नावं ठेवतोय.

‘कमिटीने स्वतः टाकीत उतरून बघावं’

ही ओळ चेष्टेने लिहिली असेल, पण ग्रुपवर ती वाचून कोणी खरंच झाकण उघडलं तर माणूस जातो. कुजलेल्या मैलापाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साचतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. ‘वास येत नाही म्हणजे ठीक आहे’ हे मेसेजमधलं म्हणणं इथे जीव घेतं. एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही वर येत नाही, अशा बातम्या दरवर्षी येतात. उतरणारा बहुतेक वेळा कमिटीचा नसतो, सफाईला बोलावलेला कंत्राटी कामगार असतो, आणि २०१३च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय त्याला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. मी तपासणी करतो ती सगळी काठावरून: लांब दांड्याचा मग, सिलिंडर, टॉर्च, मीटरचा फोटो. त्या गुळगुळीत व्हॉल्वच्या प्लांटवरही टाकीत कोणी उतरलं नाही. बायपासला सील लावलं, ब्लोअर पूर्ण वेळ चालू केला, शेजारच्या चांगल्या प्लांटमधून टँकरभर जिवंत गाळ आणून टाकला. पाचव्या आठवड्यात ऑपरेटरने मला सिलिंडरचा फोटो पाठवला. अर्ध्या तासाने २२० मिलिलिटर, वर नितळ पाणी. फोटोत मागे फिल्टर प्रेसचं कापड धुऊन वाळत टाकलेलं दिसत होतं.