आधी उद्‌घाटन, मग सर्वेक्षण

समाजाचे भले करायचे असे तुमच्या मनाने एकदा घेतले, की पहिली खबरदारी ही घ्या: सामाजिक संशोधन करणाऱ्या माणसाला प्रकल्पाच्या आसपास फिरकू देऊ नका. ही मंडळी फार साधे प्रश्न विचारतात. सध्या पाणी कोण भरते? किती वाजता? हापसा बिघडला की कोणाला सांगतात? अशा प्रश्नांसाठी पीपीटीत स्लाइड नसते.

कल्पना निवडताना नजरेसमोर दक्षिण आफ्रिकेचा प्लेपंप ठेवा. मुले बसून गरगर फिरतात ते चक्र. मुले खेळणार, चक्र फिरणार, बोअरचे पाणी उंच टाकीत चढणार, टाकीच्या चारी बाजूंना फलक आणि त्यांवरच्या जाहिरातींच्या पैशांत देखभाल. २००० साली या कल्पनेला जागतिक बँकेचे पारितोषिक मिळाले. २००६ मध्ये माजी अमेरिकी अध्यक्ष क्लिंटन यांच्या परिषदेत तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी १ कोटी ६४ लाख डॉलरची मदत जाहीर केली आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत ४,००० पंप बसवायचे ठरले. एका पंपाला सुमारे १४,००० डॉलर. तेवढ्यात चार हापसे झाले असते, पण हापशाच्या फोटोत कोणी हसत नाही.

मग ती प्रश्नवाली माणसे गावांत पोहोचलीच. मोझांबिकमध्ये त्यांना दिसले, की चक्र बायाबापड्याच ढकलत आहेत. वाकून, लाजून, कारण पूर्वीचा हापसा काढून त्याच बोअरवर हे खेळणे बसवलेले. पंप बिघडला की महिनोन्‌महिने तसाच. आडगावच्या टाकीवर जाहिरात द्यायला कोणी कंपनी येईना. एका इंग्रजी वर्तमानपत्राने तर हिशेबच मांडला: पंपामागे २,५०० माणसांना पाणी पुरवायचे तर मुलांना दिवसाला २७ तास खेळावे लागेल. दिवसच २४ तासांचा, त्याला प्रकल्प काय करणार? २०१० मध्ये पंप बसवणाऱ्या संस्थेने उरलेले पंप दुसऱ्या संस्थेच्या हवाली केले. पहाटे घागर घेऊन येणाऱ्या बाईला आधी विचारले असते तर एवढा सुंदर कार्यक्रम झालाच नसता.

आपल्याकडेही हा उपद्रव आहे. सरकार खेडोपाडी संडास बांधत होते, सगळे कसे छान चालले होते. तोच २०१४ मध्ये उत्तरेकडच्या पाच राज्यांत काही संशोधक दारोदार विचारत निघाले, की घरातले कोण कोण आत जाते आणि कोण बाहेर. चालू संडास असलेल्या घरांपैकी ४० टक्क्यांहून अधिक घरांत किमान एक जण तरी उघड्यावर जात होता. लोकांना धास्ती होती ती खड्ड्याची. तो भरला की उपसणार कोण? या प्रश्नाच्या बुडाशी जात आणि विटाळ. आता सांगा, निविदेत विटांचा रकाना असतो, सिमेंटचा असतो. जातीचा कुठे असतो? म्हणून संडास मोजावेत, जाणारे मोजू नयेत.

एवढे सांगूनही सभेत कोणीतरी उठून गडचिरोली काढतोच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची तिथली आरोग्यसंस्था ‘सर्च’. त्यांच्यापासून तर फारच सांभाळून राहा. बाळंतपणे घरी होतात, बाळे घरीच दगावतात, हे त्यांनी आधी नोंदवले आणि उपचार घरापर्यंत न्यायचे ठरवले. न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात आणि दायांना मोठी मोजणी येत नव्हती. मग काय, मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ॲप नाही, चार्जिंग नाही, लोगो चिकटवायला जागा नाही. शिवाय ३९ गावांत काम केले आणि ४७ गावे नुसती तुलनेला ठेवली. आपण नापास होण्याची सोय आपणच करून ठेवायची, हा कुठला शहाणपणा? सुरुवातीला हजारी ६२ नवजात बाळे दगावत होती, तिसऱ्या वर्षी हा आकडा २५च्या आसपास आला, हे खरे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली छापून आले, हेही खरे. पण घरोघरची ही नवजात-सेवा आशाताईंमार्फत देशभर जायला २०११ उजाडले. तुमचा सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यासाठी काढलेला निधी ३१ मार्चला संपवायचा असतो.

याच मंडळींनी आदिवासींना विचारले, दवाखाना कसा हवा? त्यांनी आपल्या पाड्यासारखा मागितला आणि नाव त्यांच्या देवीचे, मां दंतेश्वरीचे सुचवले. झाले ना नुकसान! देणगीदाराच्या तीर्थरूपांचे नाव आता कुठे कोरायचे?

तरीही संशोधन अगदीच टाकाऊ नाही, योग्य वेळी वापरावे. सर्वेक्षण उद्‌घाटनाच्या दुपारी करा, रंग ओला असताना. आणि प्रश्न सरपंचांना विचारा, त्यांच्या घरी नळ असतो. वर्षभराने पंपाला गंज चढला, संडासात गोवऱ्या रचल्या गेल्या, की मात्र प्राध्यापक मुद्दाम बोलवा, मानधन देऊन. अहवालाचे शेवटचे वाक्य तुम्हीच लिहून द्या: ‘लाभार्थ्यांच्या मानसिकतेत बदल होणे आवश्यक आहे.’ या वाक्यावर दुसऱ्या टप्प्याचा निधी हमखास मंजूर होतो.