उपद्रवी पाद्र्याचा निरुपद्रवी पुतळा

तुमच्या गावातला पाद्री रविवारच्या प्रवचनात स्वर्ग सोडून बसमधल्या जागांवर बोलू लागला, तर घाबरू नका. अमेरिकेने हे प्रकरण नीट निस्तरून दाखवलंय. आपण फक्त कित्ता गिरवायचा.

सुरुवात 'जरा दमानं घ्या'पासून करावी, आणि हे सांगायला त्याच्याच धंद्यातली माणसं गाठावीत. एप्रिल १९६३ मध्ये काळ्यांच्या समान हक्कांसाठी लढणारे पाद्री मार्टिन ल्यूथर किंग अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते. तेव्हा अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पत्रक काढलं, की ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि वेळही चुकली आहे. सही करणारे कुणी गुंड नव्हते बरं का. सभ्य, मवाळ, जेवायला बोलवावं अशी मंडळी. चूक एकच झाली: पत्रक ज्यात छापलं ते वर्तमानपत्र कैद्याच्या हाती पडलं. त्याने त्याच्याच कडेच्या कोऱ्या पट्टीवर बारीक अक्षरात उत्तर लिहायला घेतलं. आज ते उत्तर कॉलेजात शिकवतात आणि त्या आठांची नावं विचारली तर भले भले डोकं खाजवतात. तेव्हा कैद्याला पेपर द्यायचाच झाला तर समास कापून द्यावा.

बॉम्ब मात्र बेभरवशाचा. १९५६ च्या नाताळच्या रात्री बर्मिंगहॅमचे पाद्री फ्रेड शटल्सवर्थ यांचं घर उडवलं. गृहस्थ ढिगाऱ्यातून चालत बाहेर आले आणि दुसऱ्या दिवशी माणसं घेऊन गोऱ्यांच्या जागांवर बसायला बसमध्ये चढले. दारूगोळा वाया.

त्यापेक्षा धीर धरा. १९६६ च्या गॅलप संस्थेच्या जनमत चाचणीत ६३ टक्के अमेरिकनांचं किंग यांच्याविषयीचं मत प्रतिकूल होतं. हा आकडा नातवंडांपासून लपवा, कारण आजोबा किंग यांच्याबरोबर मोर्च्यात होते हे त्यांना सांगायचंय. माणूस एकदा गेला की मत सुधारायला वेळ लागत नाही. गोळी लागली १९६८ मध्ये आणि किंग यांच्या नावाच्या राष्ट्रीय सुट्टीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही झाली १९८३ मध्ये. फक्त पंधरा वर्षं. सुट्टीही बेताने निवडली आहे, जानेवारीतला तिसरा सोमवार. शनिवार-रविवारला जोडून येते, दुकानांत सेल लागतात.

आता भाषणांची छाटणी. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्य' यांसाठी होता. त्यातल्या नोकऱ्या काढा, 'माझं एक स्वप्न आहे' तेवढं ठेवा. व्हिएतनाम युद्धाविरुद्धचं १९६७ चं भाषण सबंध गाळा. आणि शेवटी जिथे गोळी लागली त्या मेम्फिस शहरात ते कशाला गेले होते, हे मुलांनी विचारलं तर विषय बदला. नाहीतर सांगावं लागेल की पावसात आडोसा शोधत कचऱ्याच्या गाडीत शिरलेले दोन सफाई कामगार तिच्या यंत्रात चिरडून मेले, बाकीचे 'मी माणूस आहे' असे फलक घेऊन संपावर गेले, आणि पाद्रीबुवा त्या कचऱ्याच्या पगारासाठी भांडायला आले होते. सणासुदीला असलं कुठे काढायचं?

छाटणी जमली की माल कुठेही खपतो. ४ फेब्रुवारी १९६८ च्या प्रवचनात किंग यांनी जाहिरातींना भुलून ऐपतीबाहेरच्या मोटारी घेणाऱ्यांना झोडपलं होतं. बरोबर पन्नास वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच प्रवचनाचा दुसरा तुकडा लावून टीव्हीवर ट्रक विकायला काढला. तो मोटारींचा भाग तेवढा वगळला होता.

सगळ्यात शेवटी दगड. वॉशिंग्टनमध्ये २०११ साली तीस फुटी किंग उभे राहिले. त्याच प्रवचनात ते म्हणाले होते, मला बँडच्या पुढे मिरवणारा म्हणायचंच असेल, तर न्यायाच्या बँडपुढचा म्हणा. कोरताना 'म्हणायचंच असेल तर' गळालं आणि उरलं, 'मी न्यायाचा, शांतीचा, सदाचाराचा बँडप्रमुख होतो'. कवयित्री माया अँजेलो भडकल्या, म्हणाल्या की यात ते गर्विष्ठ दिसतात. मग २०१३ मध्ये कारागीर आले. पूर्ण वाक्य नव्याने कोरलं तर दगडाच्या मजबुतीला धोका, म्हणून त्यांनी होतं ते वाक्यच छिन्नीने घासून काढलं आणि त्यावर रेघा ओढल्या, दगडावरच्या बाकीच्या रेघांसारख्याच.