वॉशिंग्टनचे शिपाई फुकट लढले नव्हते

दर ४ जुलैला एक मेसेज हमखास फिरतो. अमेरिकेचं स्वातंत्र्य म्हणे साध्या शेतकऱ्यांनी मिळवलं. ते नांगर सोडून आपणहून आले, पैशाची आशा नव्हती, सक्ती तर नव्हतीच. भाडोत्री शिपाई फक्त इंग्रजांकडे. वाचायला छान आहे, पण खरं फार तर पहिल्या वर्षापुरतं.

आपणहून आले? हो, १७७५ साली आले. एप्रिलमध्ये लेक्सिंग्टन गावी इंग्रज फौज आणि वसाहतींमधले लोक यांच्यात गोळी चालली आणि बोस्टनभोवती हजारो माणसं जमली. जूनमध्ये काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, त्यांनाच कॉन्टिनेन्टल आर्मी म्हणजे वसाहतींची एकत्र फौज म्हणून हाताखाली घेतलं; सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन. मात्र भरती वर्षअखेरपर्यंतचीच. मुदत संपली तशी बरीच मंडळी घरी परतली. पुढच्या वर्षी, १७७६ च्या डिसेंबरात, पुन्हा तेच. २६ तारखेला ट्रेंटन जिंकलं, आणि ३१ ला बऱ्याच शिपायांची मुदत संपणार! सहा आठवडे थांबाल तर १० डॉलर, असं वॉशिंग्टनने सांगितलं. ढोल वाजला, एकही जण रांगेतून पुढे आला नाही. त्याने पुन्हा विनवलं, तेव्हा कुठे एकेक जण पुढे सरकू लागला. शिपायाचा पगार महिन्याला साधारण पावणेसात डॉलर, म्हणजे ही दीड महिन्याच्या पगाराची रक्कम होती.

पैशाची आशा नव्हती, हे तर खुद्द वॉशिंग्टनलाही पटलं नसतं. सप्टेंबर १७७६ मध्ये काँग्रेसने ८८ पलटणी उभारायचं ठरवलं. युद्ध संपेपर्यंत राहणाऱ्या शिपायाला २० डॉलर रोख आणि १०० एकर जमीन, कर्नलला ५०० एकर. सामान्य शिपाई स्वतःच्या लाभाशिवाय टिकेल ही अपेक्षाच चुकीची, असं वॉशिंग्टनने त्याच महिन्यात काँग्रेसला लिहिलं होतं. कबूल केलेला पगारही पुढे थकत गेला. १ जानेवारी १७८१ ला मॉरिसटाऊनजवळ पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी बंड केलं. पगार द्या, आणि तीन वर्षांच्या बोलीवर घेतलेल्यांना सोडा, ही मागणी. हजाराहून जास्त शिपाई मोकळे करावे लागले.

सक्तीचं प्रकरण जरा खोलात जाऊन पाहण्यासारखं आहे. १७७७ पासून प्रत्येक राज्याला माणसांचा कोटा ठरवून दिला होता. कनेक्टिकटमध्ये गावकऱ्यांचे गट पाडले, आणि प्रत्येक गटाने एक माणूस द्यायचा. मग वर्गणी काढून कुणाला तरी तयार करायचं. जोसेफ प्लम्ब मार्टिन हा सोळा वर्षांचा पोरगा असाच गेला. जायचंच आहे तर आपल्या कातड्याची जमेल तेवढी किंमत वसूल करू, असा त्याचा रोखठोक हिशेब त्याने पुढे लिहून ठेवला आहे. ऐपत असलेल्याला सक्तीच्या भरतीत नाव निघालं तरी बदली माणूस पाठवता येई. त्यामुळे उरले ते बिनजमिनीचे तरुण, मजूर, नुकतेच आलेले आयरिश आणि जर्मन. ऱ्होड आयलंडने तर फेब्रुवारी १७७८ मध्ये गुलामांनाही भरतीसाठी घेतलं. गुलामाला स्वातंत्र्य, मालकाला सरकारी भरपाई. मालकवर्गाची कुरकुर एवढी की काही महिन्यांतच ही भरती बंद झाली.

राहिले भाडोत्री. इंग्रजांनी जर्मन राजांकडून सुमारे ३०,००० शिपाई भाड्याने आणले, हे खरंच. पण त्यांना फोडायला काँग्रेसही मागे नव्हती. ऑगस्ट १७७६ मध्येच तिने पळून येणाऱ्या जर्मन शिपायाला ५० एकर जमीन जाहीर केली होती.