टूलबार बिघडला म्हणून ब्राउझर उडवू नका

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेकांना अपग्रेड करावंच लागलं. अपग्रेडनंतर ब्राउझर उघडावा तर बुकमार्कची पट्टी गायब, एक्स्टेंशनची (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या जादा प्रोग्रॅमची) चिन्हं नाहीशी, बटणं एकमेकांवर चढलेली, नाहीतर पट्टीचा अर्धा भाग नुसता काळा. यावर रामबाण म्हणून फिरणारा सल्ला साधारण असा असतो: ब्राउझर काढून पुन्हा टाका, कॅश-कुकीज साफ करा, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) साफ करणारा क्लीनर चालवा, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन (चित्र रंगवायला ग्राफिक्स कार्ड वापरणं) कायमचं बंद करा, गेलेला टूलबार डाउनलोड करा, एवढं करूनही जमलं नाही तर ब्राउझरचं जुनं व्हर्जन टाका. एकेक कलम घेऊ.

“री-इन्स्टॉल केलं की सगळं जागेवर येतं.” बहुतेक वेळा काहीही जागेवर येत नाही. टूलबारवर काय कुठे ठेवलंय ही नोंद ब्राउझरच्या प्रोग्रॅममध्ये नसते, तुमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमच्या सेटिंग, बुकमार्क, पासवर्डच्या साठ्यात असते, आणि प्रोफाइलचं फोल्डर वेगळ्याच ठिकाणी राहतं. फायरफॉक्स अनइन्स्टॉल केला तरी विंडोजवर ते फोल्डर ‘अ‍ॅपडेटा’मध्ये तसंच पडून असतं. नव्याने टाकलेला फायरफॉक्स सहसा तेच उघडतो आणि तोच वाकडा टूलबार तुमच्यापुढे ठेवतो. क्रोम काढताना ब्राउझिंग डेटाही डिलीट करायचा का, असा चौकोन येतो. तो रिकामा सोडला तर बिघाड तसाच. टिक केली तर बिघाडाबरोबर त्या संगणकावरचे बुकमार्क, पासवर्ड, हिस्ट्री, सगळं साफ. सिंक (खात्यावर डेटाची प्रत ठेवणं) चालू असेल तर बरंचसं परत येतं, हे खरं. पण ज्या एक्स्टेंशनने घोळ घातला होता तेही मागोमाग येतं! ब्राउझरच्या स्वतःच्या फाइल खराब झाल्या असतील तर री-इन्स्टॉल उपयोगी पडतं, पण मग सहसा ब्राउझर धड सुरूच होत नाही.

आधी करायची गोष्ट फार साधी आहे. क्रोममध्ये उजवीकडे वर प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून ‘गेस्ट’ विंडो उघडा. तिच्यात तुमची एक्स्टेंशन नसतात, थीम नसते. तिथे बटणं नीट दिसली तर प्रोग्रॅम ठणठणीत आहे, दोष तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे. मग एक्स्टेंशन एकेक करून बंद करत जायचं, चोर सापडतो. गेस्ट विंडोतही पट्टी फाटलेलीच दिसली तर मामला ग्राफिक्सचा, त्याबद्दल पुढे. फायरफॉक्समध्ये ‘हेल्प’ मेनूत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. तो एक्स्टेंशन आणि थीमबरोबर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही तात्पुरतं बंद करतो, त्यामुळे तिथे सगळं सुधारलं तर संशयित दोन उरतात.

आणि कित्येकदा बिघाड नसतोच. बुकमार्कची पट्टी नुसती लपलेली असते; कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून बघा. क्रोममधली एक्स्टेंशनची चिन्हं पझलच्या तुकड्यासारख्या बटणामागे असतात, तिथून पिन केली की वर येतात. फायरफॉक्स २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देतो. म्हणजे तो दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकला गेला तर कोरं प्रोफाइल उघडतं आणि माणूस म्हणतो, माझं सगळं गेलं. गेलेलं काही नसतं. ‘हेल्प’मधल्या ट्रबलशूटिंगच्या माहितीपानावर प्रोफाइलच्या यादीची लिंक आहे, जुनं प्रोफाइल तिथून निवडता येतं.

“कॅश आणि कुकीज साफ करा.” रोग रेड्याला, औषध पखालीला. कॅशमध्ये वेबसाइटची चित्रं आणि स्क्रिप्ट असतात, टूलबारची मांडणी नसते. कुकीज उडवल्या की प्रत्येक साइटवर पुन्हा लॉगिन करत बसायचं, एवढीच काय ती प्राप्ती. बुकमार्कशेजारचे छोटे लोगो कोरे दिसत असतील तर त्या त्या साइटवर एकदा जाऊन या, ते आपोआप भरतात.

“रजिस्ट्री क्लीनर चालवा.” नको. मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा क्लीनरना पाठिंबा देत नाही, आणि टूलबारची मांडणी रजिस्ट्रीत नसतेच.

“हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन कायमचं बंद करा.” या कलमात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते टिकून आहे. काळे चौकोन, फाटलेली अक्षरं, माउस वर नेला की नीट दिसणारं आणि बाजूला केला की पुन्हा बिघडणारं बटण, ही लक्षणं चित्र रंगवण्याच्या कामातली आहेत. हे काम ब्राउझर ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो. ते बंद केलं की बिघाड जातो, कारण काम प्रोसेसरवर येतं. पण मग व्हिडिओ बघताना पंखा घरघरतो आणि लॅपटॉपची बॅटरी भराभर उतरते. निदान म्हणून बंद करा, इलाज म्हणून नव्हे. क्रोममध्ये ही सेटिंग ‘सिस्टम’मध्ये आहे, फायरफॉक्समध्ये ‘जनरल’मधल्या ‘परफॉर्मन्स’खाली.

बंद केल्यावर फरक पडला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स’ उघडून बघा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ लिहिलेलं असेल तर अपग्रेडमध्ये ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) बसलेलाच नाही. संगणकाच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या साइटवरून तो घ्या, बसवा आणि अ‍ॅक्सिलरेशन पुन्हा चालू करा. तोवर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून ड्रायव्हर नव्याने सुरू करता येतो. स्क्रीन क्षणभर मिटते, घाबरू नका. बटणं नुसतीच अवाढव्य किंवा मुंगीएवढी दिसत असतील तर मात्र ड्रायव्हरच्याही आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधला स्केल तपासा. कंट्रोल-शून्याने फक्त पान मूळ आकाराला येतं, टूलबार नाही.

“गेलेला टूलबार डाउनलोड करा.” हे सगळ्यांत धोक्याचं. शोधाचे, हवामानाचे वेगळे पट्टे बसवायचे दिवस गेले. फायरफॉक्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीत जुन्या पद्धतीची अ‍ॅड-ऑन बंद केली, आणि असे पट्टे जिथे सर्वांत जास्त नांदले तो इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला. आजच्या ब्राउझरचा टूलबार ब्राउझरमध्येच असतो, तो सुटा मिळत नाही. ‘टूलबार’ नावाची सुटी फाइल कोणी देत असेल तर ती तुमचं सर्च इंजिन पळवायलाच आली आहे असं धरून चाला.

“जुनं व्हर्जन टाका.” नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुना फायरफॉक्स सहजी उघडतच नाही, नवं प्रोफाइल करा म्हणतो. म्हणजे जे वाचवायला निघालात तेच सोडून द्यायचं, वर सुरक्षेच्या दुरुस्त्याही गमवायच्या. त्यापेक्षा फायरफॉक्समधलं ‘रिफ्रेश’ बरं. त्याने एक्स्टेंशन आणि मांडणी जाते, पण बुकमार्क-पासवर्ड राहतात आणि जुना डेटा डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवला जातो.

अपग्रेड म्हणजे नवा संगणकच घेतला असेल, तर ‘आता सगळं पहिल्यापासून लावा’ हेही ऐकू नका. फायरफॉक्स बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर उचललं तर मांडणी, बुकमार्क आणि पासवर्ड तिन्ही नव्या यंत्रावर जातात. क्रोमचं फोल्डर तसंच नेलं तर बुकमार्क येतील, पासवर्ड येणार नाहीत, कारण ते जुन्या संगणकावरच्या विंडोज खात्याला बांधून कुलूपबंद केलेले असतात. त्यांच्यासाठी जुनं यंत्र पुसण्याआधी सिंक चालू करा किंवा पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्या. ती एक्स्पोर्ट केलेली फाइल कोणालाही वाचता येते, तेव्हा नव्या संगणकात भरल्यावर लगेच डिलीट करा.