‘राइट क्लिक करा, झालं काम’ म्हणणाऱ्या निनावी वाचकाला

जुने गेम नवीन विंडोजवर कसे चालवायचे हा लेख मी टाकला, त्याखाली एका निनावी वाचकाची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून जशीच्या तशी देतो, एक अक्षर बदललेलं नाहीये:

"एवढं पुराण कशाला? राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, विंडोज ९५, झालं काम. विंडोज १० वर डॉसचे गेम चालत नाहीत हे चूक, ३२ बिटवर चालतात. डॉसबॉक्समध्ये सरसकट सायकल्स मॅक्स ठेवा म्हणता, त्याने कितीतरी गेम बिघडतात. सीडीची आयएसओ काढायला सांगता, मग गेममधलं म्युझिक कुठे जातं? लिनक्सचा उल्लेखसुद्धा नाही. स्वतः करून बघितलंय असं वाटत नाही, इकडून तिकडून उचललेलं दिसतंय."

(नवख्यांसाठी: डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची, हुकूम टाइप करून चालवायची सिस्टिम. डॉसबॉक्स म्हणजे तिचे गेम आज चालवणारा प्रोग्राम, आणि सायकल्स म्हणजे त्यातला नकली प्रोसेसर किती वेगाने पळवायचा ती सेटिंग, मॅक्स म्हणजे जास्तीत जास्त. आयएसओ म्हणजे सीडीची एका फाइलमध्ये काढलेली नक्कल. ३२ बिट आणि ६४ बिट हे विंडोजचे दोन प्रकार, आज बहुतेकांकडे ६४ बिट असतं.) खाली त्या छोट्या बॉक्समध्ये उत्तर मावणार नाही म्हणून इथे वेगळं लिहितोय. शिवाय हे "झालं काम" प्रकरण मी बरेच दिवस ऐकत आलोय, एकदा काय ते बोलूनच टाकू.

अहो साहेब, पहिलं म्हणजे तुम्हाला वाचायला कोणी बळजबरीने बसवलं होतं का? लेख फुकट आहे, मधे जाहिरात नाही, आवडला नाही तर टॅब बंद करायला अर्धा सेकंद लागतो. मतभेदाला माझी काहीच हरकत नाही, या ब्लॉगचे जुने वाचक सांगतील की मी उलट मतं काढून टाकत नाही. "मला इथे असं वाटतं" एवढं लिहिलं असतंत तरी चाललं असतं. पण स्वतःचं नाव टाकायचं नाही, आणि समोरच्यावर उचलेगिरीचा शिक्का मारून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत झाली? कुठून उचललंय ते तरी सांगायचं होतंत, मीही जाऊन बघितलं असतं.

असो. ३२ बिटचा मुद्दा मान्य, मी काही हट्टी माणूस नाही. ३२ बिट विंडोज १० मध्ये एनटीव्हीडीएम नावाचा डॉसचे प्रोग्राम चालवणारा भाग होता आणि त्यात डॉसचे प्रोग्राम सुरू व्हायचे, लेखात त्या वाक्यात "६४ बिट" हा शब्द घातलाय, खूश? पण मला सांगा आज ३२ बिट विंडोज १० घेऊन बसलंय कोण? विंडोज ११ ३२ बिटमध्ये आलंच नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. ३२ बिटवर तरी कुठे सगळा आनंद होता, विस्टा आणि ७ वर नवीन डिस्प्ले ड्रायव्हर टाकला की डॉसचा फुल स्क्रीन मोडच मिळायचा नाही, सिस्टिम सरळ सांगायची की सपोर्ट नाही. म्हणजे तुमचा मुद्दा कागदावर बरोबर, गेम खेळायला बसलं की उपयोग शून्य.

आता येऊ त्या राइट क्लिकवर.

कम्पॅटिबिलिटी मोड नक्की काय करतो माहितीये का तुम्हाला? तिथे "विंडोज ९५" निवडलं म्हणून आत कुठे विंडोज ९५ दडलेलं नसतं. गेम आणि विंडोज यांच्या मधे एक पातळ थर बसतो, त्याला शिम म्हणतात, आणि तो गेमशी चक्क खोटं बोलतो. गेमने विचारलं व्हर्जन काय, तर आत १० असो की ११, हा सांगतो ९५. ज्या गेमची तक्रार फक्त "हे व्हर्जन मला ओळखू येत नाही" एवढीच असते तो या थापेवर निमूटपणे सुरू होतो, आणि तुमच्या नशिबाने तुम्हाला तसेच गेम मिळाले असणार. त्याच टॅबवर रंग कमी करायचा आणि ६४० बाय ४८० चा पर्याय आहे, तोही कधीकधी लागू पडतो. मी कम्पॅटिबिलिटी मोड टाकाऊ आहे असं कुठेही म्हटलेलं नाही, लेखात तिसऱ्या परिच्छेदात "आधी हे करून बघा" असं स्पष्ट लिहिलंय, पण तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचायला लेख वाचावा लागतो ना.

६४ बिट विंडोजवर डॉसच्या गेमवर डबल क्लिक करा, समोर निळी पट्टी येते की हे तुमच्या पीसीवर चालणार नाही. तिथे तुमचं राइट क्लिक काय करणार? प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की त्यातला व्हर्च्युअल ८०८६ नावाचा, जुन्या १६ बिट प्रोसेसरसारखं वागायचा मोड उपलब्धच राहत नाही, आणि एनटीव्हीडीएम त्याच मोडवर उभं होतं. म्हणजे ज्यावर तो गेम चालायचा ती जमीनच काढून घेतलीये, आता थाप मारून काय होणार? म्हणून डॉसबॉक्स लागतं, ते अख्खा जुना प्रोसेसर, साउंड ब्लास्टर, व्हीजीए कार्ड सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करतं, २००२ पासून करतंय.

बरं डॉस सोडा, विंडोज ९५ च्या काळातले गेम घ्या. गेम स्वतः ३२ बिट असतो, चालू शकतो, पण त्याचा सेटअप १६ बिटचा, तो ६४ बिट विंडोज चालवतच नाही, म्हणजे इन्स्टॉलच होत नाही. इन्स्टॉलशील्ड या सेटअप बनवायच्या सॉफ्टवेअरने केलेले ओळखीचे काही सेटअप असतील तर ६४ बिट विंडोज स्वतःहून त्याजागी ३२ बिटवालं इंजिन चालवतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मग त्यांना वाटतं आपल्या राइट क्लिकनेच काम झालं. बाकीच्यांना सीडीवरून फाइली हाताने कॉपी कराव्या लागतात, किंवा १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालवणारं विनव्हीडीएमसारखं काहीतरी टाकावं लागतं.

मग रंग. १९९७ चा एज ऑफ एम्पायर्स विंडोज ७ वर लावलेला आठवतोय का कोणाला? हिरवळ जांभळी, पाणी लालसर. तो गेम २५६ रंगांचा आहे, स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी रंग साठवत नाही, शून्य ते २५५ मधला फक्त एक आकडा साठवतो, आणि कुठल्या आकड्याला कुठला रंग हे एका तक्त्यात असतं. गेम आपला तक्ता भरतो आणि मागे डेस्कटॉपवाला एक्सप्लोरर त्यातच हात घालून आपले रंग कोंबतो. तेव्हा लोक टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून मग गेम लावायचे, हसू नका, खरंच तोच उपाय होता. आता सीएनसी-डीड्रॉ किंवा डीजीवूडू आहे, त्यातली ती छोटी डीड्रॉ नावाची डीएलएल फाइल गेमच्या फोल्डरमध्ये त्याच्या एक्झीच्या शेजारी ठेवायची, गेम सुरू होताना आधी आपल्याच फोल्डरमध्ये शोधतो, ती सापडते, सिस्टिमच्या फाइलपर्यंत जातच नाही. ती फाइल मग डायरेक्टड्रॉ, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढायची विंडोजची जुनी पद्धत, आजच्या ग्राफिक्स कार्डला समजेल अशा पद्धतीने चालवते. थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू ग्राफिक्स कार्डसाठी केलेले, त्या कार्डाच्याच ग्लाइड पद्धतीवर चालणारे गेमसुद्धा डीजीवूडूमध्ये चालतात, ती कंपनी बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी.

आणि सीडीचं कुलूप? सेफडिस्क नावाचं, नक्कल रोखणारं कुलूप असलेला गेम असेल तर ओरिजिनल सीडी ड्राइव्हमध्ये घालूनही विंडोज १० तो सुरू करत नाही, कारण त्या कुलपाचा ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसायचा, त्यात सुरक्षेची भोकं होती, म्हणून विंडोज १० मध्ये तो ठेवलाच नाही आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटने विस्टा, ७ आणि ८ वरही बंद केला. पैसे देऊन सीडी घेतलेला माणूस बाहेर आणि क्रॅक वापरणारा आत, अशी गंमत. हे कम्पॅटिबिलिटीच्या टॅबवर कुठल्या चौकोनात टिक करून सुटतं ते मला नक्की कळवा, मी लेखात तुमच्या नावाने टाकतो. अरे हो, नाव नाहीये.

अजून एक, हे तर माझं आवडतं. टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेले डॉसचे कितीतरी छोटे गेम आहेत, ते चालू करता क्षणी "रनटाइम एरर २००" देऊन पडतात. पास्कलच्या सीआरटी युनिटमध्ये (म्हणजे सोबत येणाऱ्या तयार कोडच्या एका भागात), प्रोग्राम सुरू होताना, घड्याळाच्या एका टिकटिकीत म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत मशीन किती फेऱ्या मारतं ते मोजतात आणि त्या आकड्याला ५५ ने भागतात, उत्तर १६ बिटमध्ये मावायला हवं. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढची मशीनं आली आणि ते उत्तर मावेनासं झालं, म्हणजे कॉम्प्युटर फार फास्ट आहे हाच गुन्हा. डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी करून तो चालतो, कंट्रोल आणि एफ ११ दाबत जायचं. (हो, इथे मॅक्स चालत नाही, मला माहितीये, त्यावर येतो.)

तर हे सगळे गेम वेगवेगळ्या ठिकाणी अडतात, म्हणून आधी तो नक्की कुठे अडलाय ते बघायचं, एवढंच मी "पुराणात" सांगितलं होतं. सगळ्या दुखण्यावर एकच गोळी द्यायची असती तर मीही एका ओळीत लेख संपवला असता, टायपिंगची मला काही हौस नाहीये.

आता "स्वतः करून बघितलंय असं वाटत नाही" याबद्दल. हे वाचून खरं सांगतो, डोकं फिरलं. मी ६४० केबी कन्व्हेन्शनल मेमरीतले काही केबी वाचवायला कॉन्फिग डॉट सिस या डॉसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकेक ड्रायव्हर वरच्या मेमरीत ढकलत बसलेला माणूस आहे. साउंड ब्लास्टर कार्डाचा आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायचा नंबर) ५ की ७ हे चुकलं की सेटअपमध्ये टेस्ट साउंडच्या वेळी मशीन जागच्या जागी गोठायचं आणि घरातले विचारायचे "बिघडवलास ना?", ते मी खाल्लंय. प्रिन्स ऑफ पर्शियात पहिली लेव्हल झाली की मॅन्युअलमधून अक्षर शोधून त्या अक्षराची बाटली प्यायची असायची, कॉपी प्रोटेक्शन होतं ते, आमच्याकडे मॅन्युअल नव्हतं, चुकीची बाटली पिऊन मेलो की परत, ते अक्षरांचं कोष्टक मी वहीत हाताने तयार केलं होतं. आणि मला तुम्ही सांगणार मी उचललंय? तुम्ही बहुतेक स्टार्ट मेनूसकट कॉम्प्युटर बघितलेल्या पिढीतले असाल, त्यात वाईट काही नाही, पण मग थोडं बेतानं बोलावं.

बाकीचे मुद्दे पटकन उरकतो.

सायकल्स मॅक्स: मी नवख्या माणसासाठी लिहीत होतो, त्याला पहिल्याच दिवशी सायकल्सचं गणित शिकवत बसलो असतो तर तुम्हीच म्हणाला असतात पुराण. १९९३ च्या डूमसारख्या जड गेमला मॅक्स ठीकच आहे. जे गेम प्रोसेसरच्याच वेगावर पळतात ते उधळतात, तिथे कमी करा, अक्कल वापरायची असते. कधीतरी यावर वेगळं लिहीन.

आयएसओ आणि म्युझिक: ज्या सीडीवर गाणी ऑडिओ ट्रॅक म्हणून असतात त्यांची आयएसओ काढली की फक्त डेटा येतो, गाणी येत नाहीत, तिथे बिन (सीडीवरचं सगळं) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी फाइलींची जोडी काढून डॉसबॉक्सच्या आयएमजीमाउंट हुकुमाने क्यू फाइल लावायची. पण सगळ्या सीडींवर ऑडिओ ट्रॅक नसतात हो. इतका बाऊ करण्यासारखं त्यात काय आहे मला कळलं नाही.

लिनक्स: लेखाच्या शीर्षकात "विंडोजवर" असं लिहिलंय. वाइन या लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १६ बिटचे विंडोज प्रोग्राम ६४ बिट लिनक्सवरही चालतात, जे खुद्द विंडोजवर चालत नाहीत, मला ठाऊक आहे. शीर्षक वाचा.

एक खरं उपयोगाचं तुम्ही विचारायला हवं होतं ते विचारलंच नाहीत, म्हणून मीच सांगतो. गेम प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका. जुना गेम सेव्ह फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायला जातो, तिथे परवानगी नसते, मग विंडोज गुपचूप ती व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं, आणि माणूस गेमच्या फोल्डरमध्ये शोधत बसतो की माझं सेव्ह गेलं कुठे. सी ड्राइव्हवर सरळ "गेम्स" नावाचं फोल्डर करून त्यात टाका. डॉसबॉक्सवाल्यांना अजून एक, ३२० बाय २०० चं चित्र त्या काळच्या ४ बाय ३ च्या मॉनिटरवर उभं ताणून दिसायचं, तेव्हा आस्पेक्टची सेटिंग चालू आहे ना ते बघा, नाहीतर सगळी माणसं बुटकी दिसतात.

आणि निनावी साहेब, तुमच्याकडे जो गेम राइट क्लिकने चालतो त्याचं नाव, तो कुठल्या सालचा, आणि विनव्हर हा विंडोजमधलाच छोटा प्रोग्राम चालवून विंडोजचं जे व्हर्जन दिसतं ते, एवढं लिहून पाठवा. ३२ बिट निघालं तर मला आधीच सांगून ठेवलेलं बरं, वेळ वाचेल. पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तर छापतो, तशी नाही आली तर नाही छापणार, आजपासून इथे हाच नियम.