‘विमा नको, जागेवरच मिटवा’: या मेसेजमधलं खरं किती, घातक किती

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. गाडीला छोटा अपघात झाला तर विमा कंपनीला कळवू नका, पोलिसांकडे जाऊ नका, जागेवरच मिटवा, असं त्यात ठासून सांगितलंय. माझ्या मामेबहिणीच्या मुलीने नुकतंच पेठ रोडच्या आरटीओतून पक्कं लायसन्स काढलं. तिच्या बाबांनी हा मेसेज छापून गाडीत ठेवला आणि काही झालं तर यात लिहिलंय तसंच कर, असं तिला बजावलं. नव्याने गाडी चालवणाऱ्या पोरीच्या हाती असला कागद देणं धोक्याचं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मेसेज थोडक्यात असा. एक, विम्याला कळवलं की नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट) गेला. दोन, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर ‘आमची काही तक्रार नाही’ लिहून घेतलं की पुढे कोणी केस करू शकत नाही. तीन, कोणाला किरकोळ लागलं तर मलमपट्टीचे दोन-पाच हजार देऊन मोकळं व्हा. चार, चूक समोरच्याची असेल तर पैसे मिळेपर्यंत त्याचं आरसी किंवा चावी ठेवून घ्या. पाच, एफआयआरशिवाय क्लेम होतच नाही. सहा, विचार बदलला तर क्लेम नंतर केव्हाही करता येतो.

दोन आणि तीन: स्टॅम्प पेपर आणि मलमपट्टी

हे दोन मुद्दे एकत्र आणि आधी घेतो, कारण यात माणसाचा जीव आणि घरची मिळकत दोन्ही जाऊ शकतं.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ स्पष्ट आहे. अपघातात कोणी जखमी झालं तर चालकाने त्याच्या उपचाराची व्यवस्था करायची. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत, माहिती द्यायची. आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं: पॉलिसीचा नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, ठिकाण, जखमींची माहिती, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील. ‘किरकोळ लागलं असेल तर सूट’ असं या कलमात कुठेही नाही. ते पाळलं नाही तर कलम १८७ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

‘थांबलो तर लोक मारतील’ ही भीती खोटी नाही. नाशिकच्या द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्यावर दोन मिनिटांत गर्दी जमते. पण कायद्याने जमावाच्या रागाचाही विचार केला आहे. जखमीला मदत करणं जमावामुळे शक्य नसेल तर तेवढ्यापुरती सवलत कलम १३४ मध्येच दिली आहे. अशा वेळी १०८ (ॲम्ब्युलन्स) आणि ११२ (पोलीस) ला फोन करून थेट जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. हद्द कुठली याची काळजी करू नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. घरी निघून जाणं मात्र वेगळं. ते पळून जाणंच ठरतं.

आता ‘किरकोळ’ हा शब्द. दुचाकीवरून पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो. डोक्याला मार बसला असेल तर कवटीच्या आत रक्त साठायला काही तास लागू शकतात. आधी डोकं दुखतं, मग उलट्या, मग झोप अनावर होते आणि घरचे म्हणतात, थकलाय, झोपू द्या. पडताना हात टेकला असेल तर मनगटातल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत दिसतच नाही असंही होतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फोटो काढल्यावर कळतं. रस्त्यावर उभ्या उभ्या दुखापत किरकोळ ठरवणं डॉक्टरलाही जमत नाही. त्याला त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दवाखान्यात न्यायचं आणि अपघाताची नोंद करूनच तपासून घ्यायचं. त्याच्या हातात पाच हजार कोंबले की तो घरी जातो आणि तपासणीचे मोलाचे तास वाया जातात.

स्टॅम्प पेपरचं तर काहीच बरोबर नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांचं किमान मुद्रांक शुल्क १०० वरून ५०० रुपये झालं, म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याला तेवढंही माहीत नाही. पण पाचशेचा घेतला तरी काय? बेदरकार गाडी चालवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली येतो. त्यात फिर्यादी पक्ष सरकार असतं, आणि आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत हे कलम नाही. जखमीचा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचा हक्कही रस्त्यावरच्या सहीने संपत नाही. उलट ‘माझ्या चुकीमुळे अपघात झाला, त्यापोटी अमुक रक्कम दिली’ असं लिहिलेला कागद तुमच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभा राहतो.

रक्कम किती असू शकते ते पाहा. दरमहा २०,००० कमावणारा ३० वर्षांचा माणूस, हाताच्या कायमच्या अपंगत्वामुळे कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटलेली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणक, म्हणजे वर्षाचं बुडालेलं उत्पन्न कितीने गुणायचं ते आकडे, ठरवून दिले. २६ ते ३० वयाला १७. म्हणजे २०,००० गुणिले १२, त्याचे २० टक्के, गुणिले १७: ८,१६,००० रुपये. हे फक्त बुडालेल्या कमाईचं. उपचार, वेदना, भविष्यातली वाढ वेगळी. थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या इजेसाठी आणि मृत्यूसाठी रकमेची मर्यादा नसते, ती नेमकी याचसाठी. हप्ता भरून घेतलेलं हे संरक्षण बाजूला ठेवून खिशातून पाच हजार काढायला हा मेसेज सांगतो. आणि पडलेला माणूस आपल्याच घरचा असेल तर? तीन हजारांवर सही करून तो स्वतःची बाजू कमकुवत करतो.

या सगळ्यावर एक कागद पुरेसा आहे, आणि तो तुमच्याच घरात आहे. इंडियन मोटर टॅरिफ या गाडी-विम्याच्या नियमावलीतून आलेल्या प्रमाणित पॉलिसीच्या शेवटी ‘कंडिशन्स’ असतात. पहिली अट: अपघात होताच कंपनीला लेखी कळवायचं. दुसरी: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने कोणीही चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, वचन द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. मेसेजचा दुसरा आणि तिसरा मुद्दा म्हणजे ही अट ओळीओळीने मोडायची कृती आहे. जखमीची भरपाई कंपनीला या कारणाने सहज टाळता येत नाही, पण तुमच्याशी वाद घालायला तिला जागा मिळते, आणि तुम्ही परस्पर दिलेले पैसे तर परत मिळतच नाहीत.

एक: नो क्लेम बोनस

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे, ते मान्य करावं लागेल. फक्त आपल्या गाडीच्या बंपरपुरता मामला असेल तर बऱ्याचदा खिशातून दिलेलंच परवडतं. पण ते हिशोब करून ठरवायचं.

बोनस मिळतो तो फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर: सलग बिनक्लेम वर्षांना २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. ५० टक्क्यांवर असताना क्लेम घेतला तर पुढच्या पाच नूतनीकरणांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५, ५ टक्के सूट हातची जाते. बेरीज १२५ टक्के. म्हणजे बोनसआधीच्या ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट. हा हप्ता १२,००० असेल तर पाच वर्षांत १५,००० चं नुकसान. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दरवर्षी उतरत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी. नंतर बोनस पुन्हा ५० वर येतो, तेव्हा ‘कायमचा गेला’ हे चूक.

दुसऱ्या बाजूला हातात काय येतं? समजा ८,००० चं बिल: बंपर ४,०००, रंग ३,०००, मजुरी १,०००. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकवर ५० टक्के घसारा, बंपरचे २,००० मिळतील. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्य धरून त्यावर निम्मा घसारा, म्हणजे ३७५ कापून २,६२५. मजुरी पूर्ण. एकूण ५,६२५, त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० ची सक्तीची वजावट. हातात ४,६२५. एवढ्यासाठी १५,००० घालवू नयेत. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम घेऊनही नो क्लेम बोनस टिकवणारं जादा कव्हर) असेल तर मात्र गणित बदलतं, ते आधी पाहा.

मेसेज इथे दोन गोष्टींची गल्लत करतो. बोनस जातो तो स्वतःच्या गाडीचे पैसे घेतल्याने. दुसऱ्याच्या इजेचा थर्ड पार्टी दावा आला तरी तो या बोनसला लागत नाही. आणि कळवणं म्हणजे पैसे घेणं नव्हे. तेव्हा बोनस वाचवायचा म्हणून जखमी माणसाची माहिती लपवण्यात काडीचा फायदा नाही.

गॅरेजवाल्याने अंदाज दिल्याशिवाय रक्कम ठरवू नका, हे तर मेसेजमध्ये यायलाच हवं होतं. पुढून धडक बसल्यावर बंपरवर नुसता ओरखडा दिसतो; आत हेडलाइटचे प्लास्टिकचे कान तुटलेले असतात, एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर दबलेला असतो. पाच मिनिटं गाडी चालू ठेवून खाली वाका. हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकतंय का? एसी थंड हवा देतोय का? बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणाला) घासतोय का? मागून धडक असेल तर डिकीचा गालिचा उचलून खालचा पत्रा चुरगळलाय का ते पाहा. कूलंट गळत असताना गाडी तशीच विल्होळीहून घरापर्यंत दामटली आणि इंजिन तापून बसलं तर ते वाढलेलं नुकसान तुमच्या माथी; पॉलिसीच्या अटींत हेही लिहिलेलं आहे.

चार: आरसी, चावी ठेवून घ्या

हे करू नका. दुसऱ्याची कागदपत्रं किंवा चावी अडकवून पैसे मागितले तर तुम्हीच खंडणीच्या तक्रारीत सापडाल, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नंबर प्लेटचा फोटो पुरे. एमपरिवहन ॲपवर त्या नंबरचा विमा चालू आहे का ते तिथल्या तिथे दिसतं. समोर पिकअप किंवा टेम्पो असेल तर बिचाऱ्या चालकाच्या खिशातले पैसे काढून काही होत नाही. जबाबदारी मालकाची आणि त्याच्या विमा कंपनीची असते.

पाच आणि सहा

एफआयआर स्वतःच्या गाडीच्या साध्या डेंटला सहसा लागत नाही. क्लेम फॉर्म, आरसी, लायसन्स, पॉलिसी आणि सर्व्हे (कंपनीने करवलेली गाडीची पाहणी) एवढं चालतं. चोरी किंवा कोणाला इजा झाली असेल तर पोलीस नोंद हवीच.

‘नंतर केव्हाही’ हेही चूक. पहिली अट वर दिलीच आहे. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात, उशिराला खरं कारण असेल तर नुसत्या उशिरावरून क्लेम नाकारू नका, असं कंपन्यांना सांगितलं. पण ‘आधी मिटवायचं ठरलं होतं’ हे खरं कारण म्हणून टिकणं अवघड. सर्व्हेच्या आधी गाडी खोलली तर अडचण आणखी वाढते.

मग जागेवर कधी मिटवायचं? मागे बसलेल्यांसह कोणालाही लागलेलं नसेल आणि नुकसान फक्त पत्र्या-प्लास्टिकचं असेल तेव्हा. गाड्या हलवण्याआधी दोन्ही नंबर प्लेट एका चौकटीत येतील असे चारही बाजूंनी फोटो घ्या. त्याच दिवशी गॅरेजमधून लेखी अंदाज घ्या, पैसे रोख न देता यूपीआयने थेट गॅरेजला द्या. समोरच्याला मेसेज पाठवा: तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही गाड्यांचे नंबर, ‘मागच्या बंपरच्या दुरुस्तीचे इतके रुपये दिले, कोणालाही इजा नाही’. चूक कोणाची हे त्यात लिहू नका. एकदा असे पैसे दिले की ते कंपनीकडून परत मागायचं मनात आणू नका.

कलम १३४ दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानालाही लागू आहे. म्हणून जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात माहिती द्या, त्याच दिवशी कंपनीला ईमेलने अपघात कळवा आणि ‘स्वतःच्या गाडीचा क्लेम घेत नाही’ असं त्यात स्पष्ट लिहा. कॉल सेंटरने तरीही क्लेम नंबर काढला तर तो रक्कम न घेता बंद झाल्याचं लेखी उत्तर मागून घ्या. नूतनीकरणाच्या वेळी बोनस कापलेला दिसला तर दाखवायला तेच लागतं.