खाते नंबर ११७

आमच्या मामांची लातूरच्या मोंढ्यात आडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. शेतकऱ्यांची खाती आता कॉम्प्युटरवर यावीत असं त्यांच्या मनानं घेतलं आणि भाचा वेबसाइटी बनवतो हे त्यांना नेमकं तेव्हाच आठवलं. ‘नंबर टाकला की माणूस दिसला पाहिजे. बस. दुसरं काही नको,’ मामा म्हणाले. ‘दुसरं काही नको’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकापासून लांब राहावं, पण मामा गिऱ्हाईक नसतात.

माहिती आधीच कुणीतरी भरून ठेवलेली होती. ॲरेत, म्हणजे ओळीनं लावलेल्या यादीत, जिल्हे, जिल्ह्याच्या पोटात तालुके, तालुक्याच्या पोटात गावं आणि गावाच्या पोटात शेतकरी. दिसायला फार देखणं. फक्त त्यातून माणूस बाहेर काढायचा म्हटलं की घाम फुटतो.

नावावरून शोधायची सोय आमच्याकडे नाही. पिंपळगाव म्हटलं की समोरचा ‘कोणतं?’ असंच विचारतो. जिल्ह्यांचा तरी काय भरवसा? १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर निघालं, १९९९ साली परभणीतून हिंगोली निघालं आणि २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. मुनीमजींच्या वह्यांत हे सगळे जिल्हे अजून गुण्यागोविंदानं एकत्र नांदतात. म्हणून नंबर. नंबराचं नामांतर होत नाही.

जावास्क्रिप्टात, म्हणजे वेबसाइटी बनवायच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, २०१५ पासून फाइंड म्हणून एक सोय आहे. अट सांगायची, ती जुळणारा पहिला नग ते आणून देतं. मी ११७ मागितला. उत्तर आलं, अनडिफाइंड, म्हणजे ‘काहीच नाही’. एरर नाही, तक्रार नाही, ‘अमुक ठिकाणी बघितलं हो’ एवढंसुद्धा नाही. कारण फाइंड फक्त वरचा मजला बघतं. त्यानं जिल्हे तपासले, कुठल्याच जिल्ह्याचा नंबर ११७ नव्हता, विषय संपला. लातूरच्या गंजगोलाईत, त्या गोल बाजारपेठेत, देवळापाशी उभं राहायचं, तिथं येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांकडे मान फिरवून एकदा बघायचं आणि ‘तुमचा माणूस लातुरात नाही’ असं सांगून मोकळं व्हायचं, तशातला हा प्रकार.

एका जाणत्या मित्रानं फ्लॅट वापरायला सांगितलं. २०१९ पासून तेही भाषेत आहे, ॲरेतले ॲरे सपाट करतं. पण आमचे तालुके ॲरेत थेट नव्हते, ते जिल्हा नावाच्या ऑब्जेक्टच्या, म्हणजे नावं लावलेल्या कप्प्यांच्या पेटीच्या, आत दडलेले. ऑब्जेक्टच्या घरात फ्लॅट पाऊल टाकत नाही.

राहिलं रिकर्शन. म्हणजे गोलाईतून एका रस्त्यानं आत शिरायचं, तिथल्या प्रत्येक बोळात जायचं, बोळातल्या प्रत्येक दुकानात डोकवायचं, नसला माणूस तर परत येऊन पुढचा रस्ता धरायचा. फंक्शन, म्हणजे नाव देऊन लिहून ठेवलेलं काम, स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारतं. वाचायला झकास, पण त्यात एक खोड आहे. आत गेलेल्याला माणूस सापडतो, तो बोळाच्या तोंडाशी येऊन सांगतोही, पण तिथं उभ्या असलेल्यानं ते पुढे गोलाईपर्यंत पोचवायला हवं ना! प्रत्येक पायरीवर रिटर्न, म्हणजे उत्तर मागं धाडणारा हुकूम, लागतो. एक जरी चुकला की माणूस सापडूनही वर अनडिफाइंडच. आणि यादीतल्या प्रत्येक नगाकडे जाणारं फॉरइच वापरलं तर बघायलाच नको. आतून आलेलं उत्तर ते कानावरच घेत नाही आणि माणूस सापडल्यावरही शेवटच्या दुकानापर्यंत हिंडून येतं.

ते सगळं जुळवलं आणि मुनीमजींना खुर्चीत बसवलं. त्यांनी दोन बोटांनी ११७ दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मी दाबलं, तर माणूस हजर! मुनीमजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कॉम्प्युटरला फितवून ठेवलंय.

नीट बघितलं तेव्हा उलगडा झाला. मुनीमजींच्या कीबोर्डवर मराठी चालू होतं. त्यांनी ११७ मराठी आकड्यांत टाकला होता आणि जावास्क्रिप्टला मराठी आकडे कळत नाहीत. अशा मजकुराचा नंबर करायला सांगितलं की ते नॅन देतं, म्हणजे ‘हा नंबर नव्हे’. त्याची जात विचारली तर मात्र नंबर अशीच सांगतं. वर हा नॅन स्वतःच्याही बरोबर नसतो, नॅन आणि नॅन समान का विचारलं तर नाही म्हणतो. अशानं कोण सापडणार?

‘मी जन्मभर असाच ११७ काढायलोय, भाचेसाहेब,’ मुनीमजी म्हणाले. त्यांना शिकवण्यापेक्षा प्रोग्रामला मराठी आकडे शिकवणं सोपं पडलं. नंबर सगळीकडे मजकूर म्हणूनच ठेवला. नाहीतरी खाते नंबरांची बेरीज कोण करतंय?

मग दर वेळी सगळं गाव पालथं घालायला नको म्हणून मॅप केला. सुरुवातीला एकदाच सगळीकडे हिंडून यायचं, नंबरासमोर माणूस लिहून ठेवायचा, पुढं नंबर विचारला की थेट माणूस. ‘म्हणजे वहीच्या पहिल्या पानावरची यादी की,’ मुनीमजी म्हणाले. एवढ्या खटाटोपानंतर हे ऐकायला बरं वाटलं नाही, पण होतं खरं.

बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ तणतणत आले. ‘माझं नाव का काढलं?’ गेल्या आठवड्यापर्यंत ११७ ला त्यांचं नाव यायचं, आता धाकट्या भावाचं येत होतं. मी माहिती उघडून बघितली. ११७ दोनदा होता. रिकर्शन पहिला सापडला की थांबायचं, म्हणून थोरला दिसायचा. मॅपमध्ये एका नंबराला एकच जागा, मागून येणारा आधीच्याला पुसून टाकतो, म्हणून धाकटा.

‘मामा, दोघा भावांना एकच नंबर कसा काय दिला?’

‘जमीन एकत्र आहे, म्हणून खातंबी एकत्र. वाटणी झाली की वेगळा नंबर देऊ.’

‘वाटणी कधी होणार आहे?’

‘कोर्टात हाय ते,’ मामा म्हणाले. ‘पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली. तवर तुझ्याकडून काय होतंय ते बघ.’